कोयीचा आंबा आणि गावची आमराई

वैनगंगेच्या पूर्वेस आणि गोंदिया शहराच्या दक्षिणेस पसरलेला गोरेगावचा मुलूख महाराष्ट्राच्या आंब्याच्या नकाशावर कोणी दाखवीत नाही. आंबा म्हटले की आपल्या मनश्चक्षूंपुढे रत्नागिरी आणि देवगड उभे राहतात, फार तर मराठवाड्याचा केशर आठवतो. हा मुलूख ज्या झाडीपट्टीत मोडतो तिची ख्याती धानाबद्दल, तलावांबद्दल आणि नागझिऱ्याच्या वनाबद्दल आहे. असे असूनही, ज्याला या वृक्षाची खरी ओळख करून घ्यावयाची आहे त्याने कोकणातील शिस्तबद्ध बागांची वाट न धरता आधी याच भागात यावे, धानाच्या बांध्यांमधील धुऱ्यांवर, जुन्या तलावांच्या पाळीवर आणि गावाच्या वेशीपलीकडे उरलेल्या आमरायांत उभ्या असलेल्या त्या प्रचंड, काळ्या खोडांच्या झाडांखाली थोडा वेळ घालवावा, असे मी आग्रहाने सुचवीन. कोकणात आंब्याचे एक यशस्वी फळ पाहावयास मिळते. आंब्याचा स्वभाव पाहावयाचा तर तो येथे.

प्रथम त्याच्या गणगोताविषयी. लिनियसने १७५३ मध्ये ज्याला मॅन्जिफेरा इंडिका हे नाव दिले तो आपला आंबा काजूच्या कुलातील आहे, आणि गोरेगावच्या आसपासचे रान हे या कुलाचे जणू एक संमेलनच आहे. उन्हाळ्यात ज्याची फळे वेचून चारोळी काढली जाते तो चार, ज्याच्या रसाने धोबी कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत आणि वैदू ज्याचा डाग देत तो बिबा, ज्याची नुसती फांदी कुंपणात रोवली तरी पालवते तो मोवई, आणि आंबट फळांचा अंबाडा, हे सर्व आंब्याचे भाऊबंद होत. दूरदेशीचा पिस्ताही त्यांच्यातलाच. कैरी तोडताना देठातून जो चीक उडतो आणि ओठाला लागला तर फोड उठवितो, तो चीक म्हणजे या घराण्याची वंशपरंपरागत मिळकत आहे. बिब्यात जे दाहक द्रव्य उग्र स्वरूपात आढळते त्याच जातीचे द्रव्य आंब्याच्या चिकात आणि सालीत सौम्य प्रमाणात असते. आंबे खाण्यापूर्वी घटकाभर पाण्यात टाकून ठेवण्याची आणि देठाकडचे दोन थेंब पिळून टाकण्याची घरोघरची रीत या दृष्टीने पाहिली म्हणजे तीत केवळ स्वच्छता नसून पुष्कळ अनुभव साठलेला आहे, हे ध्यानात येते.

या वृक्षाचे मूळ कोठले, हा प्रश्न जुना आहे. मेघालयातील गारो टेकड्यांत, दामलगिरी येथे, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत पानांचे काही ठसे सापडले, आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी १९९८ मध्ये ते आंब्याच्या पूर्वजाचे म्हणून प्रसिद्ध केले. त्या काळी हिमालयाचा जन्म व्हावयाचा होता आणि भारताचा भूखंड आशियाला पुरता येऊन भिडलाही नव्हता. तो भिडल्यावर हे कुटुंब पूर्वेकडे सरकले असावे, असे त्यावरून अनुमान काढले जाते. आज आंब्याच्या प्रजातीत सुमारे सत्तर जाती मोजल्या जातात आणि त्यांतील बहुतेक मलाया, सुमात्रा व बोर्निओच्या अरण्यांत आहेत. आपल्या खाण्यातला आंबा मात्र आसाम, ब्रह्मदेश आणि चितगावच्या डोंगराळ पट्ट्यात प्रथम रानटी अवस्थेत होता, असे मत विसाव्या शतकाच्या मध्यास सुनीलकुमार मुखर्जी यांनी वनस्पतिशास्त्राच्या आधारे मांडले, आणि ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. अलीकडील जनुकीय अभ्यासांनी त्यात एक पुस्ती जोडली आहे: आंब्याचे माणसाळणे ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी घडलेली घटना दिसत नाही, भारतात आणि आग्नेय आशियात ती कथा वेगवेगळ्या वाटांनी चालली असावी.

या दोन वाटांमधील भेद पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. कोय जमिनीत पुरून पाहिली तरी पुरे. आग्नेय आशियातील बहुतेक आंब्यांच्या आणि आपल्याकडे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील काही जातींच्या एका कोयीतून एकाहून अधिक रोपे उगवतात. त्यांतील बहुतेक परागाशी संबंध न येता मातृवृक्षाच्याच पेशींपासून झालेली असतात आणि म्हणून ती गुणाने हुबेहूब आईसारखी निपजतात. उर्वरित भारतातील आंब्याच्या कोयीतून मात्र एकच रोप येते, ते आई आणि बाप दोघांच्या संयोगाचे असते, आणि त्याचा बाप कोण हे त्या रोपाला, आपल्याला आणि बहुधा त्या आईलाही ठाऊक नसते. याचा परिणाम असा की अत्यंत मधुर आंब्याची कोय पेरली तरी येणारे झाड मधुर असेलच असा भरवसा देता येत नाही. ते आंबट निघेल, रेशाळ निघेल, कदाचित आईहूनही सरस निघेल. आपण ज्याला गावरान किंवा रायवळ म्हणतो ती कोणती जात नव्हे. कोयीपासून उगवलेल्या, परस्परांशी न जुळणाऱ्या असंख्य व्यक्तींना दिलेले ते सामुदायिक नाव आहे. गोरेगावच्या एखाद्या आमराईत शंभर झाडे असतील तर तेथे आंब्याच्या शंभर जाती आहेत, असे म्हणण्यास शास्त्राची हरकत नसावी.

नावाजलेल्या जातींचा जन्मही असाच झाला आहे. लखनौजवळ काकोरीच्या परिसरात दशहरी नावाचे खेडे आहे आणि तेथील एका जुन्या झाडापासून त्या नावाची जात सर्वत्र गेली, हे प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील गोष्ट याहून मनोरंजक आहे. हिंदुस्थानातून १८८९ मध्ये फ्लॉरिडात नेलेल्या मलगोबा आंब्याच्या झाडाच्या फळांच्या कोयी हेडन नावाच्या एका निवृत्त कप्तानाने १९०२ मध्ये पेरल्या. त्यांतून उगवलेल्या रोपांपैकी एकाने पुढे लालभडक, टिकाऊ फळ दिले, त्याला त्या कप्तानाचे नाव मिळाले, आणि आज युरोप-अमेरिकेच्या बाजारात जो टॉमी ॲटकिन्स आंबा विकला जातो तो त्याच वंशातला आहे. थोडक्यात, जगाच्या व्यापारातील हा मातबर आंबा एका कोयीचा, म्हणजे आपल्या भाषेत गावरानच आहे. फरक एवढाच की त्याच्याकडे वेळीच कोणाचे तरी लक्ष गेले.

आता फुलाकडे वळू. पौष-माघात थंडी आणि कोरडी हवा मिळाली म्हणजे आंब्याला मोहोर येतो, आणि त्याच्या एका तुऱ्यात काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत बारीक फुले असतात. त्यांतील बरीच नर, काही उभयलिंगी. पाच पुंकेसरांपैकी फलक्षम बहुधा एकच, बाकीचे नावापुरते. मधमाश्यांपेक्षा माश्या आणि तत्सम लहान कीटकांवरच परागीभवनाची भिस्त असते. ढगाळ हवा, तुडतुडे, भुरी किंवा फाल्गुनातील गारपीट यांपैकी एखादी आपत्ती आली की अख्खा बहर आठवड्यात गळून पडतो. सारे अनुकूल असतानाही शंभर फुलांतील एकसुद्धा फळ पाडाला लागेपर्यंत टिकत नाही. शिवाय दशहरी, लंगडा यांसारख्या कित्येक जातींना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. शेजारी वेगळ्या रक्ताचे झाड असावे लागते. एक वर्ष लदबदून फळून दुसऱ्या वर्षी विश्रांती घेण्याची आंब्याची खोडही सर्वश्रुत आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे मिश्र आमराईचे मर्म उलगडते: तेथे एक झाड रुसले तर दुसरे फळते, एकाचा मोहोर गारांनी झोडपला तर महिन्याने उशिरा मोहोरणारे दुसरे वाचते, आणि पराग तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून अखंड मिळत राहतो. एकाच जातीची हजार कलमे लावणाऱ्या बागाईतदाराला औषधांच्या फवारण्यांनी जे साधावे लागते त्यातील बराच भाग आमराई आपल्या विस्कळीतपणानेच साधीत असे.

कोयीचे आयुष्य थोडे असते. धान्याचे बी वर्षानुवर्षे कणगीत राहते, आंब्याची कोय मात्र काही आठवड्यांतच निर्जीव होते; वाळवून ठेवणे हाच तिचा मृत्यू. निसर्गाने या उणिवेची भरपाई वेळापत्रकाने केली आहे. झाडीपट्टीतील गावरान आंबा वैशाख-ज्येष्ठात पिकतो, खाऊन टाकलेली कोय उकिरड्यावर, धुऱ्यावर किंवा तलावाच्या पाळीवर पडते, आणि मृगाचा पाऊस लगेच येऊन तिला रुजवितो. वटवाघळे फळे दूरवर नेऊन टाकतात तीही याच दिवसांत. धुऱ्यावरची कित्येक झाडे कोणी लावलेली नाहीत. ती टाकलेली आहेत, आणि नांगर धुऱ्यावर चढत नाही म्हणून वाचलेली आहेत.

वाचलेल्या झाडांची निवड लोकांनी जिभेने केली. जे झाड गोड निघाले त्याला नाव मिळाले, आणि नाव मिळाले म्हणजे कुऱ्हाडीपासून अभय मिळाले. शेंदरी फळांचा तो शेंदऱ्या, बडीशेपेचा वास येतो तो शेप्या, गराला खोबऱ्याची चव तो खोबऱ्या, लहान गोल फळांचा गोट्या, आणि ज्याची साखरेशी स्पर्धा तो साखऱ्या: अशी नावे विदर्भात आणि महाराष्ट्रात इतरत्रही गावोगाव ऐकू येतात, पण एका गावचा शेप्या दुसऱ्या गावच्या शेप्याचा कोणीही लागत नाही, हे विसरता कामा नये. चवीला बेतास बात असलेली झाडेही निरुपयोगी ठरत नसत. ज्याची कैरी करकरीत आणि आंबट ते लोणच्याचे झाड, ज्याचा गर पातळ ते रसाचे, ज्याची फळे वाऱ्याने लवकर गळतात ते आमचुराचे. तणसाच्या आढीत घातलेले आंबे घरभर दरवळू लागले म्हणजे पोळी किंवा तांदळाच्या पिठाचे आयते आणि रस यांवर वैशाख निभावून जाई. कैरीचा टक्कू जेवणाला आणि पन्हे उन्हाला. दुष्काळात कोयीच्या आतील गराचे पीठ करून खाण्याची पाळी मध्य भारतातील गरिबांवर येत असे, हेही या फळाच्या इतिहासात नमूद असले पाहिजे.

गावरान आंब्याची स्तुती करताना तारतम्य सोडू नये. बाबराने आपल्या आत्मचरित्रात आंब्याला हिंदुस्थानातील उत्तम फळ मानले, परंतु खरोखर पहिल्या प्रतीचे आंबे थोडेच असतात अशीही नोंद करून ठेवली. हे फळ ज्याच्या बालपणात नव्हते अशा परक्या माणसाने केलेली ही पारख निर्दोष आहे. आमराईतील दहा झाडांपैकी सहा-सात झाडांची फळे दातात रेषे अडकविणारी, आंबुस किंवा पाणचट असतात, आणि बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही याचा दोष सर्वस्वी बाजाराचा नाही. परंतु उरलेल्या तीन-चारांत कधी कधी अशी चव भेटते की तिच्यासाठी हापूसची पेटी बाजूला ठेवावी. आणि ती चव जगात त्या एका खोडावरच असते.

ही आमराई आपोआप उभी राहिली नाही. तिच्यामागे एक महसुली व्यवस्था होती. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर गावोगावचे मालगुजार हे जमिनीचे मालक म्हणून बंदोबस्तात मान्य करण्यात आले. त्यांनी व त्यांच्या आधीच्या पाटलांनी, विशेषतः तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाने, या प्रदेशात जी कामे केली त्यांत तलावांची कीर्ती सर्वत्र झाली. आमराया मात्र उल्लेखावाचून राहिल्या. वास्तविक दोन्ही कामांमागील हेतू एकच होता. तलावाने गाव वसते आणि आमराईने ते ओळखले जाते. ज्याने या दोन्ही गोष्टी केल्या त्याचे नाव त्याच्या वंशजांनी गाव विकले तरी पुसले जात नसे. येथील जमिनीचे कन्हार, सिहार, मोरंड, खरडी असे प्रकार पटवारी आपल्या कागदपत्रांत लिहीत असत. त्यांतील काळी, चिकण कन्हार पाणी धरून ठेवते आणि आंब्याच्या मुळांना ते मानवत नाही, म्हणून आमराईला निचऱ्याची हलकी जमीन लागे. जी भूमी धानाला कमी प्रतीची तीच आंब्याला उत्तम, हा योग मालगुजाराच्या हिशेबी नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही. पुण्य आणि हिशेब यांचे आपल्याकडे कधीच वाकडे नव्हते.

प्रत्येक मौजाच्या वाजिब-उल-अर्जात गावचे रिवाज लिहिलेले असत: गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे, तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडावे, आणि झाडांवर व त्यांच्या फळांवर कोणाचा कितपत हक्क. कुळाने स्वतः लावलेले झाड आणि पडीत जमिनीवर आपोआप आलेले झाड यांत भेद केला जाई. आज ते दस्तऐवज तहसिलीच्या दप्तरात पडलेले आहेत आणि वकिलांखेरीज त्यांना कोणी हात लावीत नाही. पण आंब्याच्या सामाजिक इतिहासाला याहून विश्वसनीय साधन नाही. एखाद्या झाडाची सावली सर्वांची, गळालेले फळ वेचणाऱ्याचे, झाडावरचे फळ मालकाचे आणि लाकूड मात्र मालकाच्या परवानगीवाचून कोणाचेच नाही, अशा बारीक वाटण्या ज्या समाजाने केल्या त्याला वृक्षाचे मोल कळत नव्हते असे कोण म्हणेल?

या व्यवस्थेला धर्माचेही पाठबळ होते. ठगांच्या बंदोबस्ताने प्रसिद्धीस आलेला विल्यम स्लीमन हा अधिकारी जबलपूर व सागर या भागात पुष्कळ वर्षे होता; त्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांतात असे लिहून ठेवले आहे की आमराई लावणारा हिंदू गृहस्थ तिच्यातील एका आंब्याचे दुसऱ्या जातीच्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, विधिपूर्वक लग्न लावल्याशिवाय तेथील फळाला तोंड लावीत नसे, आणि या लग्नात जेवणावळींचा खर्च इतका होई की काहींना तो झेपेपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागे. जबलपूर आपल्या उत्तरेस, बालाघाट आणि मंडल्याच्या पलीकडे. मुलूख आणि माणसे आपल्याच घडणीची. आंब्याच्या अनेक जातींना शेजारच्या परक्या परागावाचून फळ धरत नाही हे आपण वर पाहिले. म्हणून हे वृक्षविवाह म्हणजे पूर्वजांचे वनस्पतिशास्त्र होते असा दावा करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा हे बरे, कारण चिंचेच्या परागाने आंबा फळत नाही. लग्नाचा अर्थ वेगळा होता. मूल वाढवून त्याचे लग्न लावून दिल्याशिवाय गृहस्थाचे कर्तव्य संपत नाही, आणि लावलेले झाड हे अपत्यच मानल्यावर तोच नियम त्याला लागू करणे एवढीच त्यातील सरळ तर्कसंगती आहे. समारंभाने मात्र एक व्यावहारिक गोष्ट नकळत साधली: साऱ्या गावासमक्ष ज्या झाडाचे लग्न लागले ते तोडण्यास मालकाचा मुलगाही धजणार नाही.

फळ केव्हा खावे याचेही नियम होते. विदर्भातील पुष्कळ घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांना नव्या मातीच्या घागरीसह आंब्याचा नैवेद्य दाखविल्याशिवाय पिकला आंबा कोणी खात नाही. गडचिरोली-बस्तरकडील गोंड बांधव मरका पंडुम नावाचा सण करतात. मरका म्हणजे आंबा, आणि त्या दिवशी देवतांना व पूर्वजांना पहिला आंबा अर्पण होईपर्यंत नवे फळ वर्ज्य असते. दोन समाज, दोन भाषा, दोन देवकुळे, आणि बंधन एकच. कैऱ्या अकाली झोडपून झाड लुटण्याची माणसाची हाव लक्षात घेतली म्हणजे या बंधनाची उपयुक्तता पटते. पण ते पितरांच्या नावाने का घालावे, याचे उत्तर आणखी सोपे आहे. आपण ज्या झाडाचा आंबा खातो ते बहुधा आजोबा-पणजोबांनी लावलेले असते. त्यांचा वाटा आधी काढून ठेवणे ही साधी देणेकऱ्याची सचोटी झाली.

शुभकार्यातील आंब्याचे स्थान इतके परिचित आहे की त्याविषयी विस्तार करीत नाही: कलशावरील पल्लव, दारावरील तोरण, लग्नाच्या मांडवावरील डहाळे. एवढे मात्र सांगावेसे वाटते की कोवळेपणी ताम्रवर्ण आणि जून झाल्यावर गर्द हिरवे असणारे हे पान जाड, मेणचट त्वचेमुळे तोडल्यावरही बराच काळ टवटवीत राहते, आणि वृक्ष सदाहरित असल्याने ते बाराही महिने उपलब्ध असते. दुसऱ्या टोकाला, गावाकडे चितेसाठी जे लाकूड सर्रास वापरले जाते त्यातही आंब्याचे बरेच असते.

साहित्य आणि शिल्प यांतील आंब्याचे उल्लेख गोळा करावयाचे तर स्वतंत्र ग्रंथ होईल. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील भारहूतच्या स्तूपावर श्रावस्तीच्या चमत्काराचा आम्रवृक्ष कोरलेला आहे. वैशालीच्या आम्रपालीने आपले आम्रवन बुद्धाला अर्पण केल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. मदनाच्या पाच बाणांत आम्रमंजरीला स्थान आहे. आपल्या दृष्टीने यांत जवळचा संदर्भ मेघदूताचा. वा. वि. मिराशी यांनी यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक हे साधार प्रतिपादन केले. तेथून निघालेला मेघ ज्या आम्रकूट पर्वतावर विसावतो, आणि ज्याच्या उतारावर रानआंबे पिकल्याचे कवी सांगतो, तो अमरकंटक मानला जातो. रामटेक गोरेगावच्या पश्चिमेस आणि अमरकंटक ईशान्येस. कालिदासाच्या मेघाची वाट आपल्या उशालगतच जाते. आषाढात पर्वतावर पिकलेले आंबे असणे हा कवीचा कल्पनाविलास नाही. मध्य भारतातील डोंगराळ भागात उशिरा पिकणारी झाडे पावसाच्या तोंडावरही फळांनी पिवळी असतात.

कलमाची विद्या हे या कथेतील मोठे वळण. अकबराने दरभंग्याजवळ लाख झाडांची बाग लावविली, असे सांगतात. परंतु निवडलेल्या झाडाची हुबेहूब नक्कल करण्याच्या कलेला पश्चिम किनाऱ्यावर जोर आला तो पोर्तुगीजांच्या अमदानीत. गोव्यातील मानकुराद, फर्नांदिना, मुसराद ही नावे आणि अफोन्सो द आल्बुकर्कच्या नावावरून आलेला हापूस हे त्याचे स्मारक. पुढची हकिकत, म्हणजे बोटी, मुंबईची बाजारपेठ, आणि २०१८ मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन, वर्तमानपत्रांतून प्रत्येक चैत्रात छापून येते. एक गोष्ट मात्र छापून येत नाही: हापूसचे प्रत्येक कलम गावरान आंब्याच्या रोपावर बांधलेले असते. वरचे अंग एकाच झाडाची शतकानुशतके चालत आलेली प्रत, आणि खालची मुळे कोणत्या तरी अनामिक कोयीची. उद्या गावरान आंबा नाहीसा झाला तर हापूसला उभे राहावयास पाय उरणार नाहीत.

आणि तो नाहीसा होत आहे. मध्य प्रदेश विधिमंडळाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. पुढील वर्षाच्या मार्चअखेर गावचे तलाव, पडीत जमिनी, झुडपी जंगल आणि त्यांवरील झाडे सरकारात जमा झाली. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. कुळांच्या दृष्टीने तिचा अंत ही न्यायाची गोष्ट होती, आणि आमरायांच्या प्रेमापोटी तिच्याविषयी हळहळणे मला मान्य नाही. परंतु गावदप्तरात ज्यांच्या नावे आमराया दाखल होत्या त्यांच्याकडे त्या राहिल्या तरी त्यांच्याशी निगडित असलेले अधिकार, मान आणि कर्तव्ये गेली. उरले ते लाकूड. वारसांत वाटण्या झाल्या, आणि एका झाडाचे चार वाटेकरी झाले म्हणजे ते विकून पैसे वाटून घेणे हाच सोपा मार्ग असतो. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने सागवान, मोह यांच्याबरोबर आंब्यालाही अनुसूचीत घातले आणि तोडण्यास परवानगी आवश्यक केली. परवानगी मिळविण्याचे मार्ग माणसाला लवकर अवगत होतात. आंब्याचे लाकूड इमारतीला दुय्यम, पण फळांच्या पेट्यांना आणि फळ्यांना चालते, आणि शंभर वर्षांचे झाड एका दिवसात ट्रकवर चढते. त्याच्या जागी नवे कोणी लावीत नाही, कारण कोयीचे झाड फळावर येण्यास आठ-दहा वर्षे घेते, आणि घेतल्यावर आंबट निघण्याची शक्यता असतेच.

या परिस्थितीत साऱ्या आमराया वाचविण्याची भाषा मला पोकळ वाटते. सर्व झाडे राखण्याजोगी नाहीत हे बाबराच्या निमित्ताने मान्य केलेच आहे. राखावयाची ती गावातील वृद्धांना नावानिशी ठाऊक असलेली पाच-दहा झाडे, आणि तेवढी तरी झाडे खोड उभे असतानाच कलमाच्या रूपाने दुसरीकडे न्यावीत; खोड पडल्यावर त्या चवीचा पुन्हा उगम होणे नाही. यासाठी कोकणात रूढ असलेले कोय कलम झाडीपट्टीतील दमट श्रावणाला चांगले मानवते. खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी लगेच वाफ्यात लावाव्यात; त्यांची रोपे दहा-पंधरा दिवसांची, पाने अजून तांबूस असतानाच कापून घ्यावीत. ज्या झाडाचे कलम करावयाचे त्याची तीन-चार महिन्यांची निरोगी डहाळी निवडून तिची पाने आठवडाभर आधी छाटून ठेवावीत म्हणजे डोळे फुगतात. डहाळीला पाचरीसारखा आकार देऊन ती रोपाच्या चिरेत बसवावी, पट्टी घट्ट गुंडाळावी, आणि सावलीत ठेवून पाणी बेताने द्यावे. सर्वच कलमे जगत नाहीत, म्हणून एका झाडाची निदान दहा करावीत. जगलेल्यांतील दोन मूळ मालकाला, दोन शाळेच्या आवारात, उरलेली ज्याच्या धुऱ्यावर जागा असेल त्याला द्यावीत आणि झाडाचे जुने नाव चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. झाड तोडण्यास तहसिलीचा हुकूम लागतो. कलमाचे काम मात्र घरच्या पडवीत, एका धारदार चाकूने, कोणाचाही दाखला न घेता करता येते.